जिवतीच्या मांडीवर

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रान संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथे रानवाडी नावाचं एक गाव होतं. गावाच्या टोकाच्या झोपडीत शेवंती नावाची मुलगी राहायची. तिच्या परकराला ठिगळं होती, केसांना तेल नव्हतं, पण बोटं मात्र सदा रंगीत असायची. एक बोट हळदीचं पिवळं, एक कुंकवाचं लाल, एक पानांच्या रसाचं हिरवं!

शेवंतीला आई नव्हती, वडीलही नव्हते. आई गेली तेव्हा भागामावशीने तिला आपल्या झोपडीत आणलं होतं. ही काही तिची सख्खी मावशी नव्हे. ती गावासाठी चित्रं काढणारी बाई. स्वभावाने कडक, बोलायला त्याहून कडक. तिने शेवंतीला भाकरी दिली, अंथरूण दिलं, हातात कुंचला दिला. मांडीवर मात्र कधी घेतलं नाही. ते तिला सुचलंच नाही म्हणा ना!

श्रावण आला की भागामावशीला उसंत नसे. श्रावणातल्या शुक्रवारी आया आपल्या मुलाबाळांसाठी जिवतीची पूजा करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यात खांब फोडून निघालेला नरसिंह असतो, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण असतो, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती असतो. आणि मधोमध असते लेकुरवाळी जिवती, मांडीवर मूल, डोक्यावर पाळणा, आजूबाजूला खेळणारी पिटुकली पोरं.

रानवाडीची रीत जरा निराळी होती. तिथे छापलेला कागद चालत नसे. ज्या घरात जितकी मुलं, तितकीच त्या घरच्या जिवतीभोवती काढायची. भागामावशी काजळाने रेघ काढी आणि शेवंती आत रंग भरी. एकाही मुलाला कोरं सोडायचं नाही. कोरं राहिलेलं मूल म्हणजे उघड्यावरचं मूल, असं तिथल्या बाया मानत.

"शेवंते, माझ्या झबल्याला लाल भर हं!" पोरं दारात येऊन ओरडत.

"आणि माझ्या टोपीला गोंडा!"

शेवंती हसून सगळ्यांचं ऐके. गोंडा काढी, पैंजण काढी, एखाद्याला गालावर तीळही देई. गावातलं प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या चित्रात होतं. शेवंती तेवढी कुठेच नव्हती. तिच्यासाठी पूजा करणारं होतं कोण? आणि भागामावशीला मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या कागदावर जिवतीची मांडी रिकामीच असायची.

शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी मुलांना पाटावर बसवून ओवाळत. ज्या आईचं मूल परगावी असे, ती दारात येऊन चारी दिशांना अक्षता टाकी. जिथे असेल तिथे त्याच्या डोक्यावर पडाव्यात म्हणून. त्या वेळी शेवंती गल्लीत जाऊन गुपचूप उभी राही. एखादा तांदूळ तिच्या केसांत पडे. तो ती मुठीत घट्ट धरून घरी आणी आणि मनात म्हणे, हा माझ्यासाठीच टाकला असेल. मला कोणीतरी एकदा पाटावर बसवावं, एकदाच ओवाळावं. एवढीच तिची इच्छा होती आणि ती तिने कधी कोणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी श्रावणात एक घोटाळा झाला. रंगांची मडकी ज्या कोरड्या फळीवर असत, तिथे एका मांजरीने पिल्लं घातली. मऊमऊ, डोळे मिटलेली, कापसाच्या गोळ्यांसारखी! त्यांना हलवायचं शेवंतीच्या जिवावर आलं. तिने मडकीच खाली उतरवून ठेवली. नेमकं तिथेच छप्पर गळत होतं. सकाळी पाहते तर हळद कुंकवात, कुंकू निळीत, आणि सगळं मिळून चिखल!

भागामावशीने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, मांजर हललं असतं की गं! आता शुक्रवारी काय पाण्याने रंगवू देवाला? गावाची लेकरं कोरी राहायची का माझ्या हातून?"

शेवंतीने इरलं डोक्यावर घेतलं आणि रानात निघाली. पानांतून, फुलांतून, मातीतून काही रंग मिळाला तर पाहावा म्हणून.

रान भिजून चिंब झालं होतं. रानहळदीच्या गुलाबी फुलांवर थेंब लुकलुकत होते. तेरड्याची जांभळी शेतंच्या शेतं डोलत होती. शेवंतीने वाकून एक पान उचललं, तर पानाखाली कोणीतरी कुडकुडत बसलेलं! इवलीशी बोटभर परी, पिवळ्या परागाएवढं तिचं तोंड. पण तिचे पंख ओले होऊन पाठीला चिकटले होते.

"भिऊ नकोस," शेवंती हळूच म्हणाली. तिने आपलं इरलं काढून परीवर धरलं. स्वतः भिजत बसली. केसांतून पाणी ओघळलं, परकर चिंब झाला, तरी ती हलली नाही. सर थांबली, कोवळं ऊन आलं, आणि परीने पंख झटकले. काय सांगू त्या पंखांचे रंग! मोराच्या मानेचा निळा, पिकल्या उंबराचा लाल, शेवग्याच्या पाल्याचा हिरवा, सगळे एकाच वेळी चमचमले.

"तू भिजलीस आणि मी वाळले," परी म्हणाली. "सांग बाळ, काय हवंय तुला?"

"रंग हवेत. गावातल्या मुलांना भरायचे आहेत."

"आणि तुला स्वतःला?"

शेवंतीने मान खाली घातली. परीला बहुतेक सगळं कळलं. तिने आपले पंख एका शिंपल्यावर झाडले आणि शिंपला काठोकाठ झगमगला.

"नीट ऐक हं," परी म्हणाली. "दुसऱ्यांच्या लेकरांना रंग भरत राहशील, तोवर हा शिंपला आटणार नाही. एक मूल मात्र तू इच्छा मागून रंगवू शकशील. त्याच्या कपाळावर टिळा लाव आणि मनातलं माग. मिळेल. पण त्या टिळ्यासरशी शिंपला कोरडा पडेल आणि पुन्हा कधी भरणार नाही. आणि हे कोणाला सांगायचं नाही."

शेवंती मान हलवेपर्यंत परी तेरड्याच्या जांभळ्या रंगात दिसेनाशी झाली.

मग काय, झोपडीत नुसती रंगांची बरसात! कृष्ण निळाशार झाला, नरसिंहाची आयाळ सोन्यासारखी पिवळी झाली, जिवतीचं लुगडं डाळिंबी आणि चोळी हिरवी. आणि पोरं? कोणाचं झबलं आभाळी, कोणाची कुंची केशरी, गालांवर गुलाबी टिकल्या! भागामावशी रेघ काढता काढता थांबली. "कुठनं आणलेस गं हे रंग?" तिने विचारलं.

"रानातनं," शेवंती म्हणाली. ते खरंच होतं.

कोणाच्याही मुलाला टिळा लावायचं मात्र ती टाळी. एक इच्छा तिने जपून ठेवली होती. आधी गावाची लेकरं रंगून होऊ देत, मग माझं.

शुक्रवार उजाडला आणि सगळे कागद आपापल्या घरी गेले. उरला एकच, भागामावशीचा. रिकाम्या मांडीच्या जिवतीचा. मावशी मागच्या दारी सरपण फोडत होती. शेवंती कुंचला घेऊन त्या कागदासमोर उभी राहिली. तिथे एक छोटीशी मुलगी काढायची, दोन वेण्यांची. कपाळावर टिळा लावायचा. आणि मागायचं... न विचारता कोणाच्या मांडीवर बसायचं का? ती तशीच उभी राहिली. सरपण फोडण्याचा आवाज थांबला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात दारात हाक आली. "सुया घ्या, बिब्बे घ्या, काळी पोत घ्या..." आवाज मध्येच तुटला.

दारात सुया विकणारी एक बाई होती. डोक्यावर दुरडी, छातीशी झोळी, आणि झोळीत एक तान्हं मूल. त्याचे ओठ सुकले होते, डोळे मिटले होते.

"बाई, मला बी एक जिवतीचा कागद द्या," ती भागामावशीला म्हणाली. "पोराचं अंग चुलीवानी तापलंया. दूध बी घेईना. वैद म्हनला, देवाचं नाव घे."

"कागद देते गं माय," भागामावशी नरमून म्हणाली. "पण लावशील कुठं? भिंत कुठाय तुला?"

"दुरडी हाय न्हवं! आतल्या अंगाला लावीन. दुरडी जाईल तितं जिवती."

भागामावशीने भराभर रेघा काढल्या. जिवती काढली, मांडीवर तेवढंसं मूल काढलं. शेवंतीने रंग भरले. लुगडं भरलं, पाळणा भरला, मुलाचं झबलं हिरवं केलं. चित्र छान झालं, पण झोळीतलं मूल तसंच निपचित. रंगाने ताप थोडाच उतरतो! त्याच्या आईने चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मुलाच्या छातीवर हात ठेवून श्वास चाचपत होती.

शेवंतीने शिंपल्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. मी पुन्हा कधीतरी, ती स्वतःला म्हणाली, पण पुन्हा कधी मिळणार नाही हेही तिला माहीत होतं. तिने बोट रंगात बुडवलं आणि चित्रातल्या बाळाच्या कपाळावर टिळा लावला. मनात म्हणाली, याचा ताप उतरू दे. याच्या आईला हा राहू दे.

झोळीतल्या बाळाच्या कपाळावर घामाचे बारीक मोती उमटले. त्याने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवंतीच्या हातातला कुंचला इवल्याशा मुठीत पकडून जे भोकाड पसरलं, की मांजरीची पिल्लंसुद्धा दचकली! बाई रडता रडता हसू लागली आणि त्याला छातीशी घेऊन दूध पाजू लागली.

शिंपला आता पांढरा फटक होता, जसा नदीकाठी पडलेला असतो तसा. बाई आशीर्वाद देत गेली, तेव्हा शेवंती घरामागे जाऊन बसली आणि पोटभर रडली. तिला बाळ वाचल्याचा आनंद झाला होता, आणि तरीही रडू येत होतं. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळ झाली. घरोघरी आघाड्याच्या माळा लागल्या, चणे-गुळाचा वास सुटला, निरांजनं उजळली. शेवंती नेहमीसारखी गल्लीत येऊन उभी राहिली. कोणा आईने अक्षता टाकल्या. एक दाणा तिच्या खांद्यावर पडला. तिने तो मुठीत धरला.

"शेवंते!" भागामावशीचा कडक आवाज आला. "गल्लीत काय उभी राहिलीस? घरात ये."

झोपडीत पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळीची चार बोटं ओढली होती. तबकात कणकेचे दिवे होते. आणि भिंतीवर जिवतीच्या मांडीवर एक मुलगी बसली होती! दोन वेण्यांची, ठिगळाच्या परकराची. नुसती काजळाची रेघ, आत रंग काहीच नव्हता.

"सकाळी तू या कागदासमोर उभी होतीस, ते मी पाहिलं," भागामावशी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो कापत होता. "आणि मग शेवटचा रंग त्या लेकराला देऊन टाकलास, तेही पाहिलं. पोरी, घरात मूल नाही म्हणून मी जिवतीपुढं कधी बसले नाही. मूल घरात होतं गं. मलाच दिसलं नाही. रंग उरला नाही, आता नुसत्या रेघेवर भागव. बस पाटावर."

शेवंती पाटावर बसली. भागामावशीने तिला कुंकू लावलं आणि ओवाळू लागली. तबक फिरता फिरता दिव्याची एक ज्योत लांब झाली, उंच झाली, आणि तिच्यातून बोटभर परी उडाली! निळा, लाल, हिरवा, पिवळा असा उजेड भिंतभर सांडला. परी चित्रातल्या मुलीवर अलगद बसली. परकर शेवंतीच्या फुलासारखा पिवळा झाला, वेण्यांना लाल रिबिनी आल्या, गालावर गुलाबी टिकली आली.

"मी फक्त रंग भरले," परी शेवंतीच्या कानाशी म्हणाली. "रेघ तिने काढली. ती मला कधीच काढता आली नसती."

मग पंखांचा उजेड वाढत वाढत एवढा झाला की झोपडीतली फळी, मडकी, मांजरीची पिल्लं, सगळं सोन्याचं दिसू लागलं. डोळे दिपले. पुन्हा उघडले तेव्हा तबकात साधे दिवे शांतपणे तेवत होते.

भागामावशीने मूठभर अक्षता घेतल्या. गावाच्या रीतीप्रमाणे दाराकडे दोन पावलं गेली आणि थांबली.

"माझं लेकरू लांब कुठं आहे?" ती म्हणाली, आणि सगळ्या अक्षता तिने शेवंतीच्या डोक्यावर टाकल्या. मग पाटावरून उचलून तिला मांडीवर घेतलं.