भिजलेला कोळसा आणि म्हातारा भाता

माझी शाळा सातवीतच सुटली, म्हणून शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी एका लोहाराच्या भट्टीत भिजलेले कोळसे पडले होते. मध्ये एकच निखारा जिवंत होता. पेरणी उद्यावर आली होती आणि नांगराचा फाळ अजून बोथट होता. नवं सूप जोरजोरात वारा घालत ओरडलं, "उठा, पेटा! तुमच्यात सूर्य आहे!" नुसती राख उडाली आणि निखाराही विझायला आला.

मग म्हाताऱ्या भात्याने निखाऱ्याजवळच्या कोळशाला विचारलं, "काय झालं रे?"

"भिजलोय, आजोबा. पेटायला गेलो की धूरच होतो. सगळे खोकतात, लाज वाटते."

"मीही दोनदा फाटलोय. ही ठिगळं बघ. मोठं काही नको, फक्त एक कोपरा लाल कर. मी आहे इथे."

भात्याने आधी श्वास घेतला, मग हळूच सोडला. कोपरा लाल झाला. शेजारचा कोळसा लाल झाला. बघता बघता भट्टी अशी धडधडली की सूपसुद्धा नाचायला लागलं! संध्याकाळच्या आत फाळाला धार आली.

हे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिगंबरकडे गेलो. माझा हा मित्र महिनाभर घराबाहेर पडला नव्हता. "काय झालं रे?" एवढंच विचारलं आणि ऐकत बसलो.