अकरा वेळा हो

“पण यशोधरेला माझ्या अभ्यासातून काढायचं तरी का, भंते?”

निरुपमाने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

भंते सुमेध ओट्यावर बसून मुलांच्या भाजीसाठी वालाच्या शेंगा सोलत होते. वैनगंगेकाठच्या या विहारात ते एकोणतीस मुलांचं वसतिगृह चालवत होते. घरातल्या दारूतून, मारझोडीतून आलेली मुलं. निरुपमा खोब्रागडे याच ओट्यावर अक्षरं गिरवायला शिकली होती. आता ती नागपुरात डॉक्टर निरुपमा होती, आणि लहानपणीच्या ताणाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, यावर सहा वर्षं संशोधन करत होती.

“तुम्हाला मी नीट सांगितलंच नाही बहुतेक,” ती म्हणाली. “माझ्याकडे एका माणसाच्या चेहऱ्याची दहा छायाचित्रं आहेत. पहिल्यात तो शांत आहे. मग राग थोडाथोडा चढत जातो. राग कुठे दिसायला लागला, ते मुलांनी सांगायचं. बहुतेक मुलं सहाव्या चित्राला सांगतात.”

“आणि यशोधरा?”

“दुसऱ्याला.” निरुपमाचा आवाज नकळत खाली आला. “सात वर्षांची पोर. त्या दुसऱ्या चित्रात मला स्वतःला काही दिसत नाही, भंते. बाप दारू पिऊन यायचा, तेव्हा दारातच त्याचा चेहरा वाचावा लागायचा तिला. सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे माझा.”

भंते शेंगा सोलत राहिले.

“मी जबरदस्ती केलेली नाही,” ती म्हणाली. “बसायच्या आधी रोज विचारते. हे बघा.”

तिने वही उघडली. अकरा दिवसांच्या अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत यशोधरेचं नाव, आणि पुढे लिहिलेलं : संमती, होय.

भंतेंनी वही पाहिली.

“‘नाही’ कधी म्हणाली?”

“एकदाही नाही.”

“तुलाच नाही, की कोणालाच नाही?”

निरुपमाने पुन्हा वहीकडे पाहिलं.

भंतेंनी अंगणाकडे पाहून हाक मारली. यशोधरा आली. दोन वेण्या, पायात चप्पल नाही. ती ओट्यापासून चार हात लांब उभी राहिली.

“विचार तिला,” भंते म्हणाले.

“यशो, आज बसायचं का चित्रं बघायला?”

मुलीने निरुपमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

“हो, मॅडम.”

निरुपमाने भंतेंकडे वळून पाहिलं. झालं ना तुमचं समाधान, असं तिला म्हणायचं होतं. पण भंतेंनी हात उचलला आणि विहाराच्या भिंतीकडे बोट केलं.

“आता तिकडे तोंड करून विचार.”

“भिंतीकडे?”

भंतेंनी मान डोलावली. हात तसाच राहिला.

निरुपमा उठली. मोठ्या माणसांचा मान म्हणून उठली, मनातून ती वैतागली होती. तिने मुलीकडे पाठ केली. पांढऱ्या चुन्याचे पोपडे सुटलेली भिंत तिच्यासमोर होती.

“यशो, आज बसायचं का?”

उत्तर आलं नाही.

नदीकडून कोणीतरी म्हशींना हाकत होतं. भंतेंचा शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला होता. निरुपमाला वाटलं, मुलगी निघून गेली असावी. वळून बघावं, असं फार वाटलं तिला…

“मले झुल्यावर जायचं हाय.”

आवाज इतका बारीक होता, की तो यशोधरेचाच आहे हे तिला पटेना. अकरा दिवसांत ही मुलगी तिच्याशी तिच्या घरच्या बोलीत एकदाही बोलली नव्हती.

निरुपमाच्या ओठांवर रोजचं वाक्य आलं. फक्त दहाच मिनिटं, बाळा. ते तिने गिळलं. चेहऱ्यावर काय उमटलं असेल, ते तिचं तिला कळलं, आणि ते भिंतीखेरीज कोणाला दिसत नाही याचं बरं वाटलं.

“जा,” ती भिंतीला म्हणाली.

अनवाणी पाय पळत गेले. थोड्या वेळाने झुल्याची साखळी कुरकुरायला लागली.

निरुपमा ओट्यावर येऊन बसली. वही मांडीवर घेतली. अकराव्या ओळीतला ‘होय’ तिने खोडला. मग दहाव्या ओळीतला. पहिल्या ओळीपर्यंत ती खोडत गेली.

“मला राग आला नव्हता, भंते. एकदाही नाही. आजही नाही.”

भंतेंनी पुढची शेंग उचलली.

तिने अंगणाकडे पाहिलं. झुला वर जाई, तेव्हा दोन वेण्या मागे उडत.

“मग… किती दिवस तिच्याशी असं पाठ करून बोलू?”

“ती समोर येऊन ‘नाही’ म्हणेपर्यंत.”