सोपानने कीबोर्ड जोडला

चिंचकुरी गावात सोपान म्हणून एक माणूस राहायचा. भोळा म्हणजे इतका भोळा, की त्याला काही सांगायचं तर सांगणाऱ्यालाच धास्ती वाटावी. गावच्या टाकीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्या दिवशी सरपंच म्हणाले, सकाळी सहाला पाणी सोडायचं. त्याने सोडलं. बंद करायचं कुणी म्हणालं नव्हतं. दुपारपर्यंत टाकी रिकामी आणि गल्लीत घोट्याएवढा चिखल. तेव्हापासून सरपंच त्याला रोज दोन वाक्यं सांगत, एक सोडायचं आणि एक बंद करायचं.

त्याची बायको शकुंतला मात्र हुशार होती. बावीस किलोमीटरवर तालुक्याला कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून ती लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. लॅपटॉपच्या स्वतःच्या कळा केव्हाच बंद पडल्या होत्या, आणि त्याला जोडलेला कीबोर्डही जुना झाला होता. एकेक कळ दाबायला अंगठ्याचा जोर लागायचा. संध्याकाळी घरी आली की ती कोमट पाण्यात मीठ टाकून मनगट बुडवून बसायची, आणि समोर बसून बघताना सोपानचं तोंड एवढंसं व्हायचं. अक्कल कमी असली तरी माया भरपूर होती त्याच्याकडे.

अशात पंचायत समितीत टायपिस्टची एक जागा निघाली. परीक्षा गुरुवारी होती. अर्धा तास न थांबता टाईप करायचं. स्वतःचा लॅपटॉप आणि कीबोर्ड आणला तरी चालणार होता. शकुंतलाला भीती एकच होती. कचेरीतले कीबोर्डही तसलेच कडक. दहा मिनिटांत मनगट धरलं, तर जागा गेली.

तिचा भाऊ प्रल्हाद पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात होता. त्याने सुट्ट्या भागांचा एक कीबोर्ड पाठवला. दीड वीत रुंद, छोटासा, वायरलेस. एकसष्ट कळा, आणि त्यांच्या खालचे स्विच मुद्दाम निवडलेले, लोण्यासारखे मऊ. स्वतः येऊन जोडून देणार होता, पण रजा मिळाली नाही. तेव्हा सोपान म्हणाला, मी जोडतो. शकुंतलाने भावाकडे फोनवरून आणि देवाकडे डोळ्यांनी बघितलं. पण तिला रोज तालुक्याला जावंच लागायचं. दुसरं कोण होतं?

शुक्रवारी प्रल्हादने फोनवर सांगितलं, की पाटीला भोकं आहेत, प्रत्येक भोकात एक स्विच दाबून बसवा. सोपानने खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि बसवले. संध्याकाळी शकुंतला आली तर नऊ स्विचांचे तांब्याचे पाय मोडून आडवे झालेले. बरं तर बरं, प्रल्हादने बाराएक जास्तीचे दिले होते.

"दाजी, जोर नाही लावायचा," प्रल्हाद फोनवर म्हणाला. "तान्हं बाळ निजवतो ना आपण, तसं अलगद ठेवायचं."

"असं व्हय," सोपान म्हणाला. "आलं ध्यानात."

आणि खरंच आलं होतं. उरलेले स्विच त्याने फुलासारखे बसवले.

शनिवारी खालचा पत्रा स्क्रूने बसवायचा होता. सोपानने आठ स्क्रू आठ भोकांत अलगद ठेवले. एकालाही धक्का लागू दिला नाही. वरून शकुंतलाच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा पांघरला आणि शेजारच्यांना हळू बोला म्हणून सांगून आला. संध्याकाळी शकुंतलाने कौतुकाने कीबोर्ड उचलला. पत्रा तिच्या पायावर पडला आणि स्क्रू चुलीपर्यंत गडगडत गेले.

प्रल्हादने पुन्हा समजावलं. स्क्रू ठेवायचे नसतात, पिळायचे असतात. घट्ट. इतके, की हलवून बघितलं तर हलता कामा नयेत.

"असं व्हय," सोपान म्हणाला. "आलं ध्यानात."

रविवारी शकुंतला एका लग्नाला गेली. आठही स्क्रू घट्ट पिळून झाले होते. सोपानकडे आता काम होतं कळांच्या टोप्या बसवायचं. त्याने पहिली टोपी बसवली आणि हलवून बघितली. हलली. दुसरी बसवली, तीही हलली. पिळून बघितल्या, त्या पिळेनात. सोपान अर्धा तास विचार करत बसला. मग परसातल्या बाभळीचा डिंक काढून आणला, पाण्यात कालवला आणि प्रत्येक टोपीच्या कडेने दाटसर भरला. वर उन्हात वाळवला. संध्याकाळी त्याने एकेक कळ हलवून बघितली. एकही हलली नाही. त्याला फार समाधान वाटलं.

शकुंतला आली. तिने बोट ठेवलं. कळ खाली जाईना. दुसरी जाईना. भिंतीवर बोट ठेवल्यासारखं वाटलं तिला. ती ओरडली नाही. पाटावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षेला चार दिवस उरले होते.

सोपान तिच्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "अगं, हलू द्यायचं नाही म्हनला ना पल्लादा."

"अवो, ते स्क्रूला. कळ हलायलाच पायजे. दाबली की खाली, सोडली की वर. ती कशाला बांधून ठेवायची? मोकळी सोडायची."

"असं व्हय. आलं ध्यानात."

सोमवार पूर्ण डिंक काढण्यात गेला. सोपानने टोप्या कोमट पाण्यात भिजवल्या, दात घासायच्या ब्रशने घासल्या, फडक्यावर वाळवल्या. पाटी ओल्या काडीने कोरून साफ केली. हात सोलवटले, पण काम चोख केलं. आता टोप्या परत लावायच्या होत्या. शकुंतला जाताना म्हणून गेली होती की ओळीने लावा. अक्षरांची ओळ सोपानला चांगली पाठ होती. चौथीपर्यंत शिकला होता तो. त्याने क लावला, शेजारी ख, मग ग, मग घ. ङ कुठे मिळेना, म्हणून तिथे कोरी टोपी लावली.

शकुंतलाने बघितलं आणि कपाळाला हात लावणार होती. पण लावला नाही. बॅटरी अजून बसवायची होती, म्हणून कीबोर्ड तारेने लॅपटॉपला जोडला, मान वर केली आणि टाईप करून बघितलं. अक्षरं बरोबर उमटत होती, कारण टोपीवर काहीही लिहिलेलं असो, खालचे स्विच जागच्या जागी होते. आणि मनगटाला काही म्हणजे काही लागलं नाही. ती कितीतरी दिवसांनी हसली.

"राहू द्या असंच," ती म्हणाली. "मी कुठं कीबोर्डाकडं बघते? माझं लक्ष कागदावर. त्याच्याकडं बघायचंच नसतं."

सोपानने तेही ध्यानात ठेवलं.

मंगळवारी राहिली होती फक्त बॅटरी. खालचं झाकण उघडून आतली बॅटरी खाचेत नीट बसवायची आणि झाकण लावायचं. प्रल्हाद म्हणाला होता, वायरलेस आहे दाजी, म्हणजे तार नाही. सोपानने झाकण उघडलं तर आत बॅटरी, आणि तिला दोन तारा. एक तांबडी, एक काळी. शेळी दाव्याला बांधतात तशी ती बिचारी बांधलेली. बांधून ठेवायचं नाही, मोकळं सोडायचं, हे तो परवाच शिकला होता. त्याने कात्रीने दोन्ही तारा कापल्या.

या वेळी मात्र शकुंतला ओरडली. गणपतीत स्पीकर लावणारा तुकाराम डवरी शेजारीच राहायचा, त्याने डाग देऊन तारा जोडून दिल्या म्हणून निभावलं. बुधवारी संध्याकाळी कीबोर्ड तारेवाचून सुरू झाला. शकुंतलाने लॅपटॉप देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि स्वतः चुलीपाशी बसून कळा दाबल्या. तिकडे पडद्यावर अक्षरं उमटली. सोपानने डोळे चोळले. बाहेरची तार नसली तरी हा लांबून चालतो, म्हणून तर वायरलेस म्हणायचं, असं तिने त्याला सावकाश सांगितलं.

सोपान म्हणाला, "उंबऱ्यातनं चालंल?"

"चालंल."

"गोठ्यातनं?"

"चालंल की."

"आनि आजून लांबनं?"

तव्यावर भाकरी करपत होती. "हो, हो, चालंल," शकुंतला म्हणाली आणि भाकरी उलटली.

रात्रभर वीज नव्हती. कीबोर्ड चार्ज झालाच नाही, आणि तारेने जोडावा तर लॅपटॉपची जुनी बॅटरी अर्धा तास टिकली नसती. गुरुवारी सकाळी सहाला वीज आली आणि शकुंतलाला साडेसहाची एस.टी. धरायची होती, कारण कागदपत्रं आठला तपासणार होते. तेव्हा ठरलं असं की ती लॅपटॉप घेऊन पुढे जाईल आणि सोपान तासभर कीबोर्ड चार्जिंगला लावून आठच्या गाडीने येईल. तिने त्याचे दोन्ही हात धरून सांगितलं, की गाडीत गर्दी असते, कीबोर्डाला हिसका बसता कामा नये, एकही कळ दाबली जाता कामा नये, आणि परीक्षा सुरू व्हायच्या वेळी त्याचं बटण चालू पाहिजे. एवढंच. माझं सगळं त्याच्यावर आहे.

"तू बिनघोर जा," सोपान म्हणाला.

परीक्षा दहाला होती. पावणेदहाला सोपान पंचायत समितीच्या दारात उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, दोन्ही हात मोकळे. परीक्षा घेणारे नाईकवडे साहेब दारातच होते. शकुंतला धावत आली.

"कीबोर्ड कुठाय?"

"घरी," सोपान म्हणाला.

शकुंतलाने पिशवी दिसते का म्हणून त्याच्या पाठीमागे बघितलं. सोपानने तिला धीर दिला. सगळं बैजवार केलंय, म्हणाला. गोधडीत अलगद निजवलाय. पेटीत ठेवून कुलूप घट्ट लावलंय. वर काही ठेवलं नाही, कळा मोकळ्या आहेत. गाडीत आणला असता तर कुणाचा तरी धक्का लागला असता, आणि एकही कळ दाबली जाता कामा नये म्हणालीस. लांबून चालतो हे तूच सांगितलंस. आणि तू त्याच्याकडे बघतही नाहीस. मग इथे आणून करायचं काय?

"बटन चालू ठिवलंय," तो म्हणाला. "त्येवढं इसरलो न्हाय."

नाईकवडे साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाले, "अहो पाहुणे, पण मग यांनी बोटं कुठं ठेवायची?"

सोपानने स्वतःची दहाही बोटं उलटसुलट करून बघितली.

"बोटांचं ती कायच बोलली नव्हती," तो म्हणाला.

घंटा झाली. शकुंतला आत जाऊन बसली. तिच्यापुढे कचेरीतला कीबोर्ड आला, तारेचा, दगडासारखा कडक. दहाव्या मिनिटाला मनगट ठणकायला लागलं. पंधराव्या मिनिटाला तिला रडू यायला लागलं. मग तिला पेटीतला, गोधडीत निजलेला कीबोर्ड दिसला आणि रडूऐवजी हसूच यायला लागलं. त्या हसण्याच्या भरात उरलेली पंधरा मिनिटं कशी गेली, तिला समजलं नाही. बारा वर्षं कडक कळा बडवलेली बोटं होती ती. चार वाजता फळ्यावर नावं लागली. पहिलं नाव शकुंतलाचं होतं.

सोपानला जराही आश्चर्य वाटलं नाही. एस.टी.त त्याने कंडक्टरला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या म्हातारीला सांगितलं, चिंचकुरीच्या थांब्यावर चहावाल्याला सांगितलं, की बायको पहिली आली आणि कीबोर्ड घरी होता. शकुंतला खिडकीबाहेर बघत मनगट चोळत राहिली. त्याला काही समजावून सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि आज तिला तसं वाटतही नव्हतं.

घरी आल्यावर त्याने हातपाय धुतले, कुलूप काढलं, गोधडी हळूच बाजूला केली. कीबोर्डावरचा निळा दिवा विझला होता. तासभराचं चार्जिंग, आणि दिवसभर बटण चालू. बॅटरी पार उतरली होती. शकुंतला चार्जरची तार घेऊन आली, तर सोपानने तोंडावर बोट ठेवून तिला थांबवलं आणि गोधडी पुन्हा वर ओढली.

"निजू दे त्येला," तो कुजबुजला. "बावीस किलोमीटरवरनं लिवलंय आज. दमलाय."