वेशीबाहेर वाजलेला ढोल

स्थविर सुवच गेले, तेव्हा विहाराच्या अंगणात भिक्षू त्यांच्या आठवणी काढीत बसले होते. चाळीस वर्षे सुवचांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांना पाणी पाजले, बेवारस प्रेतांना खांदा दिला, ज्यांची बाजू कोणी घेत नाही त्यांच्यासाठी ते पंचांसमोर उभे राहिले. एक तरुण भिक्षू म्हणाला, "त्यांना भीती म्हणून माहीत नव्हती." भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ते ऐकले. ते म्हणाले, "माहीत होती. चांगली माहीत होती." आणि त्यांनी ही जुनी गोष्ट सांगितली.

फार पूर्वी रोहिणक नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व दवंडी पिटणाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. त्यांचे नाव नंदिल. राजाचा हुकूम निघाला की नंदिल ढोल गळ्यात घालून सात गल्ल्या फिरत. दक्षिण वेशीपाशी आले की आत तोंड करून तीन थापा मारायच्या आणि ढोलावर कापड टाकायचे, अशी रीत होती. वेशीबाहेर खोलगट जागेत कातडे कमावणाऱ्यांची वस्ती होती. ढोल म्हणजे राजाचा आवाज, तो त्या लोकांच्या कानी पडता कामा नये. बाहेर वाजवील त्याचा हात तोडायचा. ऐकील त्याला फटके. आणि गंमत बघा, त्या ढोलाचे कातडे त्याच वस्तीतून येई.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता, त्याच्या बांधातून पाणी झिरपू लागले. बांध फुटला तर नगर बुडाले असते. म्हणून राजाने ठरवले, दिवस मावळताना दक्षिणेकडचा सांडवा उघडून पाणी वेशीबाहेरच्या खोलगट जागेत सोडायचे. नंदिलांना हुकूम मिळाला: लोकांनी गुरे आत घ्यावीत, वेशीबाहेर जाऊ नये.

नंदिल हात जोडून प्रधानाला म्हणाले, "आणि बाहेरच्या वस्तीला कोण सांगणार, प्रधानजी?"

प्रधान पानाचा विडा बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "पाणी सांगेल."

नंदिलांनी सात गल्ल्यांत दवंडी पिटली. वेशीपाशी आले तेव्हा दिवस कासराभर राहिला होता. त्यांनी ढोलावर कापड टाकले नाही. वेशीवर तारक नावाचा पहारेकरी होता.

"तारका, दार उघड."

"ढोल इथं ठेव, मग उघडतो. नुसता जा आणि सांगून ये."

"सत्तर घरं आहेत. दारोदार सांगेपर्यंत दिवस बुडेल."

"तुझ्याबरोबर माझाही हात जाईल, गड्या. घरात पाच तोंडं आहेत."

"माझे गुडघे बघ."

तारकाने पाहिले. खरेच लटलट कापत होते. "मग जातोस कशाला?"

"इथं थांबलो तरी कापणारच आहेत. मग चालता चालता कापू देत."

तारक कितीतरी वेळ अडसराला हात लावून उभा राहिला. मग त्याने तो काढला.

नंदिल वस्तीच्या मधोमध गेले आणि जोराने ढोल पिटू लागले. तोंडाने ओरडत होते, "पाणी येतंय! टेकडीवर चला!" पण पहिल्या थापेसरशी बायांनी कानात बोटे घातली. पोरांना आत ओढले. सत्तर दारे धडाधड लागली. पिढ्यान् पिढ्यांची सवय ती. ढोल ऐकणे गुन्हा, म्हणून ढोल आला की आत शिरून कान झाकायचे. नंदिल जितके जोराने वाजवीत, तितके लोक दारे घट्ट धरीत. आपणच यांना बुडवायला कोंडतो आहोत, हे त्यांना कळले.

त्यांनी ढोल खाली ठेवला. कमरेचा सुरा काढला आणि ढोलाचे कातडे या कडेपासून त्या कडेपर्यंत टरकन फाडले.

एक दार उघडले. खेमाई नावाची म्हातारी काठी उगारून बाहेर आली. "अरे मेल्या! माझं कातडं चिरलंस? एकवीस दिवस हिरड्याच्या पाण्यात राखलं होतं मी ते! कान झाकले तरी फाटलेलं कळतं मला!"

"मारा आजी, पण आधी ऐका. दिवस मावळताना सांडवा उघडतायत."

खेमाईची काठी वरच राहिली. तिने एकदा सूर्याकडे पाहिले. मग ती अशी ओरडली की कुत्रीसुद्धा उठून पळाली. "दारं उघडा गं! मी बोलतेय, खेमाई! पाणी सोडतायत, टेकडीवर पळा!" तिचा आवाज ऐकणे गुन्हा नव्हता. दारे उघडली.

शेवटची बाळंतीण टेकडीवर पोचली आणि खाली पाणी आले. गुरासारखे हंबरत आले. छपरे गेली, कातड्यांचे हौद गेले. माणूस एकही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिलांना दरबारात उभे केले. ठोकळा आणला होता, कुऱ्हाडही होती. तारक आपणहून पुढे आला. "दार मी उघडलं," म्हणाला, आणि नंदिलांच्या शेजारी उभा राहिला.

राजाने विचारले, "वाजवलास ते कळलं. फाडलास का?"

"महाराज, तुमचा आवाज ऐकून लोक दारं लावून बसले. पाण्यापेक्षा तुमची भीती जुनी आहे."

राजाने एकदा ठोकळ्याकडे पाहिले. म्हणाला, "तो ठोकळा न्या. ढोल आता सगळीकडे वाजेल."

प्रधान पुटपुटला, "त्याला नवं कातडं लागेल."

वेशीबाहेरच्या लोकांबरोबर खेमाई दाराशी उभी होती. "कातडं देईन मी," ती तिथूनच म्हणाली. "पण पहिली थाप आमच्या गल्लीत."

तसेच झाले. तरी पुढे जन्मभर वेशीबाहेर पाऊल टाकताना नंदिलांचा हात थरथरत असे. ते थांबत मात्र नसत.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज विहाराला जागा देणारा गावप्रमुख. खेमाई म्हणजे सुवचांच्या चितेला पहिले लाकूड देणारी ती मोळीविकी बाई. दवंडीवाला मी होतो. आणि तारक म्हणजे सुवच. त्यांना भीती माहीत नव्हती म्हणता? अडसर काढताना त्यांचे हात कसे कापत होते, ते मी जवळून पाहिले आहे. तरी त्यांनी तो काढला. करुणा म्हणतात ती हीच."

तो तरुण भिक्षू उठला, सुवचांचा पाण्याचा घडा त्याने खांद्यावर घेतला आणि आजाऱ्यांच्या वस्तीकडे निघाला. त्याची पावले अडखळत होती.