म्हातारखाऊ की सुकवलेले आलुबुखार?

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक राजा होता. राजा झाला तरी पोट असतंच, आणि या राजाचं पोट काही केल्या साफ होत नसे. सकाळी पोट साफ झालं नाही की दिवसभर त्याचं डोकं तापलेलं. मग दरबारात जो पुढे येईल त्याला शिक्षा.

वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, म्हातारखाऊ रात्री भिजत घाला आणि सकाळी खा."

म्हातारखाऊ म्हणजे एक काळं, सुरकुतलेलं, चिकट फळ. दात पडलेली माणसं ते चघळत बसत, म्हणून त्याचं हे नाव. राजाच्या मिशीत नुकताच पांढरा केस दिसला होता. तो भडकलाच.

"मी काय म्हातारा झालो? तुम्हीच खा!"

"मी रोज खातो, महाराज," वैद्यबुवा म्हणाले.

राणी नवी होती आणि भित्री. दार वाजलं तरी दचकायची. पण रोजच्या शिक्षा तिला बघवेनात. तिने तीच फळं चांदीच्या वाटीत घालून राजापुढे ठेवली.

"हे काय?"

"सुकवलेले आलुबुखार."

"वा! हे कसं राजाला शोभतं!" राजाने वाटी चाटूनपुसून साफ केली. थोड्याच दिवसांत पोटही साफ झालं. दरबारात हसणं ऐकू येऊ लागलं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण एके सकाळी राजाने हुकूम सोडला, "टेकडीवरची म्हातारखाऊची बाग तोडा! तिथे माझ्या सुकवलेल्या आलुबुखारांची झाडं लावा."

बागेची माळीण धावत राणीकडे आली. "राणीसाहेब, माझं घर त्या झाडांवर चालतं हो! नवी झाडं फळेपर्यंत पोरांना काय घालू?"

राणीला वाटलं, खरं सांगितलं तर राजा तिला माहेरी धाडणार. वैद्यबुवाही कानाशी लागले, "गप्प राहा. झाडं पुन्हा उगवतील, महाराजांची मर्जी उगवायची नाही."

तेवढ्यात टेकडीवरून पहिला घाव ऐकू आला. राणी दचकली आणि तशीच दरबारात शिरली.

"महाराज, ते... ते तेच आहे."

"काय तेच?"

"म्हातारखाऊ. झाडावर असतो तोवर आलुबुखार, उन्हात सुकला की म्हातारखाऊ. मी फक्त नाव बदललं."

राजाचा हात मिशीवर गेला.

"म्हणजे इतके दिवस मी म्हातारखाऊ खात होतो?"

"हो."

"आणि पोट साफ झालं ते?"

"ते खरंच झालं, महाराज."

राजा उठला, घोड्यावर बसला आणि टेकडीवर गेला. कडेची काही झाडं आडवी झाली होती. त्याने कुऱ्हाडी थांबवल्या आणि उन्हात वाळत घातलेल्या फळांकडे बोट दाखवून माळिणीला विचारलं, "बाई, या फळाला काय म्हणतात?"

माळीण घाबरली. "महाराज म्हणतील ते."

"माझ्या म्हणण्यानेच तुझी झाडं पडली. तू सांग."

"म्हातारखाऊ, महाराज."

"मग दे दोन," राजा म्हणाला, आणि सगळ्यांसमोर तिथेच खाल्ले.

तात्पर्य: गोड नावाने औषध पोटात जातं, पण त्या नावापायी कुणाचं झाड तुटत असेल, तर खरं नाव सांगायला उशीर करू नये.