डबक्याला हार

एकदा एक शिष्य होता. विद्या बेताचीच, पण नाक मात्र राजाच्या तोडीचं. जरा कुठे दुर्गंध आला, की आधी ते नाक वर जाई आणि त्याच्या मागून सबंध शिष्य. तुम्ही हसू नका. आपलंही नाक काही कमी नाही.

डोंगरावरच्या एका मठीत तो एका वृद्ध बाबांजवळ शिकत होता. खाली गावात गोड्या पाण्याची विहीर होती, आणि ओढ्याकाठी एक डबकं. त्या डबक्यात ठकूमावशी आणि तिची माणसं कापलेल्या अंबाडीच्या मोळ्या दगडांखाली बुडवून ठेवत. मोळ्या सडल्या की काडीवरून वाख, म्हणजे सालीचे धागे, सुटे, आणि त्या वाखाचे दोर वळले जात. बैलाचा कासरा म्हणू नका, पाळण्याची दोरी म्हणू नका, सगळं मावशीच्या हातचं. डबक्याचा वास मात्र असा, की वाटेवरचं कुत्रंही वळसा घालून जाई.

शिष्य तर नुसती मावशी समोरून आली तरी नाकाला उपरणं लावी.

"जप रे बाबा," मावशी म्हणे, "सोवळ्यातलं नाक तुझं. विटाळलं तर दुसरं कुठून आणशील?"

बाबा परगावी निघाले तेव्हा बजावून गेले, "विहिरीत टाकायची पावडर येईल. तेवढी न विसरता टाक."

पावडरीचं पोतं आलं. शिष्य विहिरीवर वाकला. पाणी कसं, आरसा! तळाचा खडान् खडा दिसत होता. ह्याला औषध? एवढ्यात वारा फिरला, डबक्याचा भपकारा आला आणि शिष्याचं मस्तक फिरलं. रोगाचं माहेर तिथे, आणि औषध इथे? तिरमिरीसरशी त्याने अख्खं पोतं डबक्यात रिकामं केलं.

वास थांबला. शिष्य छाती काढून गावातून हिंडला. डबक्याकाठी खेळणारी पोरं त्याने हाकलली. मावशीची नात सोनकी, तिला तर हाताला धरून विहिरीवर नेलं आणि स्वतःच्या लखलखीत तांब्यातून पाणी पाजलं. "पी. ह्याला म्हणतात स्वच्छ!"

थोड्याच दिवसांत गावात हगवण लागली. सोनकीचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. तिला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आणि इकडे मोळ्या हिरव्याच्या हिरव्या. वाख काही सुटेना.

मावशी अंबाडीची काडी घेऊन तरातरा मठीत आली. ती काडी तिने शिष्याच्या पायाशी आपटली.

"घे, सोल! सोल आता तुझ्या त्या नाकाने! पोर तिकडं सलाईनवर, धंदा इकडं पाण्यात, आणि हा म्हणे गाव स्वच्छ केलं!"

शिष्यही भडकला. "तुमच्या डबक्यानेच पोर आजारी पडली, मावशी! मी पोतं जरा आधी ओतायला हवं होतं."

नेमके तेव्हाच बाबा परतले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. देवाच्या गळ्यातला झेंडूचा हार काढला, दोघांना मागे घेऊन खाली उतरले, डबक्याच्या काठच्या दगडाला तो हार घातला आणि हात जोडले. मग बाभळीची फांदी फरफटत नेली आणि विहिरीच्या तोंडावर टाकली.

आता मात्र शिष्याचा तोल गेला. "बाबा, वय झालं तुमचं! घाणीला हार, आणि तीर्थाला काटे?"

बाबांनी काठी दगडावर अशी हाणली, की शिष्य दोन पावलं मागे सरला.

"वय झालं म्हणूनच तोंडाने सांगतोय, नाहीतर ही काठी पाठीत असती! अरे, ज्यांना मारायला निघालास ते कोण, ठाऊक आहे? सूक्ष्म जीव. ना डोकं, ना पोट, उभा देह म्हणजे एकच पेशी. मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे डोंगर. खातात, वाढतात, आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतात. जागा मानवली, तर तुझी डाळ शिजेपर्यंत दोनाचे आठ! डबक्यातले ते अंबाडीतला, वाखाला काडीशी जखडणारा चिकटा खात होते, म्हणून वाख सुटत होता. वास होता तो त्यांच्या कष्टाचा. कामकरी मारलेस तू! दुधाचं दही करतात ते त्यांचेच भाऊबंद. तुझ्या आतड्यात कोट्यवधी नांदतात, म्हणून मठीचं अन्न तुला पचतं. डबक्याचं पाणी पी, असं नाही म्हणत मी. पण उकिरड्याकडून, परसाकडून झिरपून जे ह्या विहिरीत उतरले, त्यांना ना रंग, ना वास. ते तू लखलखीत तांब्यातून लेकराला पाजलेस. न दिसणाऱ्या जीवांचा निवाडा तू नाकाने केलास. आणि दिसणाऱ्या माणसांचा कशाने करतोस?"

शिष्याने मावशीकडे पाहिलं. त्याचा हात सवयीने उपरण्याकडे गेला होता, तो तिथेच थबकला. संताप होता तसाच होता. फक्त त्या संतापाचं तोंड आता आतल्या बाजूला, स्वतःकडे वळलं.

दुसऱ्या सकाळी डबकं उपसून त्यात ओढ्याचं नवं पाणी घेतलं. पण नुसत्या पाण्याने काय होणार? पलीकडच्या वाडीच्या डबक्यातला जुना, काळा, घाणेरडा गाळ विरजणासारखा आणून घालायचा होता. ती पाटी शिष्याच्या डोक्यावर आली. गाळ कानशिलावरून ओघळत होता. उपरण्याची त्याने चुंबळ केली होती. विहिरीत नव्याने आणलेली पावडर पडली, काटे निघाले, आणि डबक्याला पुन्हा वास सुटला, तेव्हा मावशीच्या माणसांनी समाधानाने मान हलवली.

सोनकी घरी परतली, काडीसारखी होऊन. शिष्य तांब्या घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला. मावशीने त्याला खालून वर न्याहाळलं.

"पाणी आणलंस? वास घेऊन पाहिलास का?"

"वासाला काय कळतं, मावशी," शिष्य हळूच म्हणाला. "उकळून आणलंय."

मावशीने तांब्या घेतला, आणि उंबऱ्याशी त्याच्यासाठी पाट सरकवला.