मोबाइलला माहीत असलेले नगराध्यक्ष

मंदाकिनी शेंडगेला दिसत नाही, पण मोबाइल तिला अक्षरं वाचून दाखवतो. अडचण एकच, फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. आणि नगराध्यक्ष भाऊसाहेब ढमाल्यांनी नगरपरिषदेची वेबसाइट नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेली. प्रत्येक सूचना म्हणजे एक फोटो, कोपऱ्यात हात जोडलेले भाऊसाहेब. त्यापायी दिव्यांगांच्या स्टॉलसाठी अर्जाची मुदत मंदाकिनीच्या हातून गेली.

ती थेट जनता दरबारात गेली.

"चार लोकांसाठी सगळं बदलायचं का, ताई?" भाऊसाहेब हसले. "वेबसाइट झकास आहे."

"ऐकाच मग," म्हणत तिने मोबाइलचा आवाज वाढवला.

"फोटो. फोटो. फोटो," मोबाइल पुटपुटत राहिला. मग एका जुन्या, टाइप केलेल्या पानावर येऊन खणखणीत बोलला, "माजी नगराध्यक्ष, माननीय श्री. गणपतराव टकले, यांची विकासकामे."

टकले म्हणजे भाऊसाहेबांचे कट्टर विरोधक. दरबारात खसखस पिकली.

"आमच्या मोबाइलला गावात एकच नगराध्यक्ष माहीत आहेत," मंदाकिनी शांतपणे म्हणाली. "निवडणूक पुढच्याच महिन्यात ना, भाऊसाहेब?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या सूचना टाइप झाल्या, स्टॉलची मुदतही वाढली.

आता वेबसाइटवर फोटो एकच आहे, तोही नवा. टकल्यांचं पान.